अजिनाथनं काय बघितलं

दूध पुन्हा संपलं तेव्हा वर्षाराणीनं रिकामं पातेलं मोरीत असं आपटलं, की ओसरीवरची माणसं क्षणभर गप्प झाली. मग कुणीतरी खाकरलं आणि तिच्या सासऱ्यांचा, धोंडीरामचा, आवाज पुन्हा सुरू झाला.

“तर मी काय म्हनत होतो, पहिला बॉम्ब पडला तवा आमचा अजिनाथ डेकवर उभा व्हता...”

“आत्याबाई, दूध संपलं,” वर्षाराणी सासूला म्हणाली. “आता कोरा चहा देते, न्हाईतर पानी. ज्याला प्यायचं त्यानं प्यावं.”

छबुबाई भाकरी थापता थापता थांबली. “अगं, नांदूरघाटाहून आलीत ती मानसं. कोरा चहा कसा द्यावा? वनमालाकडून आन की लिटरभर.”

“वनमालाकाकूंची म्हैस पन आता मला बघून तोंड फिरवायलीय.”

पण ती गेली. चरवी घेऊन, मागच्या दारानं, तोंडातल्या तोंडात पुटपुटत. अजिनाथ परत आल्यापासून हे असंच चाललं होतं. युसूफ वडगावच्या पुढं रस्त्यालगत त्यांची वस्ती. येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता विचारत बसायचीही गरज नव्हती, पाटी लावल्यासारखं सगळ्यांना घर ठाऊक झालं होतं. कोण नात्यातले, कोण नात्यातल्यांचे शेजारी, कोण नुसतेच केजला बाजाराला निघालेले आणि वाटेत ‘जरा बघून जाऊ’ म्हणून उतरलेले. प्रत्येक जण ओसरीवर बसायचा, पाणी प्यायचा, इकडं-तिकडं बघायचा आणि तोच प्रश्न विचारायचा.

“काय बघितलं रे अजिनाथ तिथं?”

आणि तिचा नवरा तेच उत्तर द्यायचा.

“काही न्हाई.”

एवढं बोलून तो उठून शेताकडं निघून जायचा. मागं राहायची माणसं, त्यांचे कप आणि वर्षाराणी.

अजिनाथ काही फौजेत नव्हता. माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात तो कामाला होता. गाळप बंद झालं की कारखान्याच्या टाक्यांत उतरायचं, आतला गंज हातोड्यानं ठोकून, खरवडून काढायचा आणि रंग मारायचा, हे त्याचं काम. उसाच्या तोडीला जाण्यापेक्षा बरं, म्हणून वर्षाराणीनंच त्याला त्यात टिकवून धरलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं त्याला हेच काम करायला समुद्रापलीकडच्या एका बंदरात नेलं. तिथं त्या देशाचं आरमार उभं असायचं. दुरुस्तीला लागलेल्या लढाऊ जहाजांच्या पोटातल्या टाक्या साफ करायच्या. त्या बंदराचं नाव गावात कुणाच्याच जिभेवर नीट बसलं नाही, म्हणून सगळे नुसतं ‘ते बंदर’ म्हणत.

एका सकाळी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, त्या बंदरावर हल्ला झाला. लढाई पुकारलेली नव्हती. शेजारच्या देशाशी बोलणी चालू होती म्हणे. खलाशी नाष्ट्याला बसले होते, जहाजं एकाला एक लागून उभी होती, आणि आभाळातून ड्रोन आले, त्यांच्यामागून क्षेपणास्त्रं आली. दुपारपर्यंत निम्मं आरमार बुडालं होतं.

वर्षाराणीला हे कळलं हनुमानकडून. हनुमान म्हणजे चौकातला मोबाइल दुरुस्तीवाला. तो धावत आला आणि त्यानं फोन तिच्या तोंडापुढं धरला. काळा धूर, लाल ज्वाळा आणि कलंडलेलं एक जहाज. “वहिनी, अजिनाथचंच बंदर ना हे?” त्यानं विचारलं. त्यानंतरचे दोन दिवस तिनं कसे काढले, ते तिला विचारलं तरी सांगता आलं नसतं. मग फोन आला. “मी हाय,” तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तो महिन्याभरानं घरी आला. अंगानं बरा होता. उजव्या हाताचा तळवा मात्र सोलून निघालेला, त्यावर नवी, गुलाबी कातडी धरलेली. वर्षाराणीनं ठरवलं होतं, काही विचारायचं नाही, आधी जेवू घालायचं. पण तिनं जेवू घालायच्या आधीच ओसरी माणसांनी भरली.

पहिले चार-दोन दिवस तिलाही बरं वाटलं. आपल्या माणसाची विचारपूस होतेय, हे कुणाला आवडत नाही? पण नंतर तिच्या लक्षात आलं, की ही माणसं विचारायला येतच नाहीत. ती सांगायला येतात. हनुमान तर रोज नवा व्हिडिओ घेऊन यायचा.

“हे बघ, अजिनाथ. हे जहाज तुझंच का?”

अजिनाथ फोनकडं बघायचा. “असंल.”

“असंल म्हंजी? तू व्हता ना बे त्याच्यावर?”

“व्हतो.”

“मग ह्या मागच्या बाजूनं मिसाइल आलं, बरोबर? का पुढून?”

“मला न्हाई माहीत.”

हनुमान मग ओसरीवरच्या बाकीच्यांकडं असं बघायचा, की बघा, ह्याच्यापेक्षा मलाच जास्त माहिती आहे. आणि खरंच त्याला जास्त माहिती होती. मिसाइलचं नाव, ड्रोनची लांबी, जहाज कोणत्या साली बांधलं, सगळं तो घडाघडा सांगायचा. कुणी म्हणायचं, पोराला सरकारनं तंबी दिलीय, तोंड उघडायचं नाही. कुणी म्हणायचं, त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. राधाकिशन म्हणून एक लांबचे काका आले होते, त्यांनी तर वर्षाराणीलाच बाजूला घेऊन विचारलं, “बाई, खरं सांग, तो तिथं व्हता का? का दुसरीकडंच कुठं गेलता?”

तिनं त्यांच्या चहात साखर घातली नाही.

आणि अजिनाथ बोलत नव्हता म्हणून त्याच्या वाटचं धोंडीराम बोलायला लागले. आधी त्यांनी एवढंच सांगितलं, की पोरगं जहाजात अडकलं होतं, देवानं वाचवलं. पण एवढ्यानं पाहुण्यांचं समाधान व्हायचं नाही. “मग? पुढं?” असं ते विचारायचे. मग पुढं जहाज पेटलं. मग अजिनाथनं एकाला ओढून काढलं. दोन दिवसांनी ते तिघं झाले. आता वर्षाराणी दूध घेऊन मागच्या दारानं परत आली, तेव्हा ओसरीवरनं ऐकू आलं, “सात जन! एकेकाला खांद्यावर टाकून पोहत काठाला आनलं. आमच्या विहिरीत शिकलेलं पोहनं हो ते.”

नांदूरघाटच्या पाहुण्यांनी ‘आरारारा’ केलं. वर्षाराणीनं चहा उतू जाऊ दिला.

त्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर तिनं नवऱ्याला गाठलं. तो गोठ्यापाशी बाजेवर बसला होता. हल्ली तो घरात बसतच नव्हता. झोपायचा अंगणात. मोरीत अंघोळीला गेला तरी दार उघडं टाकायचा. सासूनं पडदा लावून दिला, तर तोही त्यानं सरकवला. शेजारच्या आश्रुबाकडं ऊसतोडीआधी ट्रॉलीची दुरुस्ती चालली होती; तिथं पत्र्यावर घण पडायला लागला, की हा माणूस उठून थेट ओढ्याकडं चालायला लागायचा.

“अहो,” ती म्हणाली, “मामा काय सांगायलेत ते ऐकलं का तुमी?”

“ऐकलं.”

“सात जनाला खांद्यावर आनलं म्हनं.”

“सांगू दे.”

“सांगू दे कसं? उद्या कुनी त्या सात जनांची नावं विचारली तर? तुमी स्वतः कावून बोलंना? मला तरी सांगा. काय झालं तिथं?”

त्यानं गुलाबी तळवा बाजेच्या कडेवर घासला. “वर्षा, मला काहीच दिसलं न्हाई,” तो म्हणाला.

तिचा पारा चढला. लोकांना हे उत्तर ठीक होतं, पण तिलाही तेच? दोन दिवस ती मेल्यासारखी पडून होती, फोनवर ‘मी हाय’ ऐकून त्याच जागी खाली बसली होती. “बरं,” ती म्हणाली. “मला पन त्या पाहुन्यांच्यात बसवा. मी पन चहा पिते आन जाते.” आणि ती ताडताड आत निघून गेली.

दोन दिवसांनी अर्जुनराव आले. अर्जुनराव म्हणजे माजी जिल्हा परिषद सदस्य, आणि येत्या निवडणुकीनंतर पुन्हा आजी व्हायची त्यांची इच्छा होती. पांढरी गाडी, मागं दोन मोटारसायकली. त्यांनी धोंडीरामच्या गळ्यात हात टाकला आणि जाहीर केलं, की मारुतीच्या पारावर अजिनाथचा सत्कार होणार.

“मला नको,” अजिनाथ म्हणाला.

“बघा, हाच तर मोठेपणा,” अर्जुनराव म्हणाले.

सत्काराचा फ्लेक्स बघून वर्षाराणीनं कपाळाला हात लावला. ‘आंतरराष्ट्रीय समुद्रवीर’ असं वर लिहिलेलं, अर्जुनरावांचा फोटो एका बाजूला भलाथोरला, अजिनाथचा खाली कोपऱ्यात आधारकार्डावरचा. मधे एक जहाज. पण ते लढाऊ नव्हतं. त्याच्या गच्चीवर पोहायचा हौद होता आणि हौदाभोवती लोक रंगीत छत्र्या लावून पहुडले होते.

“हे कसलं जहाज हो?” तिनं फ्लेक्स बांधणाऱ्याला विचारलं.

“नेटवर हेच चांगलं दिसलं,” तो म्हणाला.

शाल झाली, फेटा झाला, नारळ झाला. मग माइक अजिनाथच्या हातात दिला. त्यानं नको नको म्हणूनही दिला. सगळी वस्ती जमली होती, बायका पाराच्या खाली, पोरं लिंबाच्या झाडावर. अजिनाथनं माइक तोंडापासून लांब धरला.

“मी टाकीत व्हतो,” तो म्हणाला. “जहाजाच्या तळाला. गंज काढत व्हतो. मला काही दिसलं न्हाई. लाइट गेली. आमी हातोडा हानत बसलो. मग आमाला काढलं.”

एवढंच. त्यानं माइक परत दिला. पारावर अशी शांतता पसरली, जशी पंगतीत भात कमी पडल्यावर पसरते. कुणीतरी मागून म्हणालं, “आन ते सात जन?” धोंडीरामनं मान खाली घातली. मग अर्जुनरावांनी माइक घेतला आणि प्रसंग सांभाळला. “पाहिलंत? केवढी ही नम्रता! पराक्रम करायचा आणि सांगायचा नाही! आता मी सांगतो काय घडलं ते...” आणि त्यांनी ते पुढं पाऊण तास सांगितलं. त्यांच्या सांगण्यात अजिनाथनं एक ड्रोनही पाडलं.

घरी येताना धोंडीराम मुलाशी बोलले नाहीत. दारात आल्यावर मात्र फुटले. “चारचौघांत बापाला खोटं पाडलंस. एवढं मोठं मानूस आलतं. दोन शब्द बोलला असता तर तोंड झिजलं असतं का तुझं?”

“खरं तेच बोललो, आबा.”

“खरं! टाकीत बसलो, हातोडा हानला! हे काय सांगायचं असतंय का?”

वर्षाराणी मधे पडली नाही. पण पारावर तिच्या मनात काहीतरी टोचलं होतं. त्या दिवशी गोठ्यापाशी तो तिला टाळत नव्हता, एवढं तिला आता उमगलं. त्याला खरंच काही दिसलं नव्हतं. आणि आपण ‘चहा पिते आन जाते’ म्हणालो. तिला स्वतःचाच राग आला, आणि तो राग कुणावर काढावा हे कळेना म्हणून तिनं सगळी भांडी पुन्हा घासली.

त्याच आठवड्यात एक नवीनच प्रकार सुरू झाला. अजिनाथच्या फोनवर एक बिननावाचा नंबर यायचा. तो नंबर बघायचा आणि फोन कट करायचा. परत यायचा, परत कट. सकाळी, दुपारी, जेवताना. वर्षाराणी दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी मात्र फोन वाजला तेव्हा अजिनाथ गोठ्यामागच्या हौदावर बैलाला पाणी पाजायला गेला होता आणि फोन कोनाड्यात होता. तिनं तो उचलला.

पलीकडं बाई होती. तरणी वाटत होती.

“अजिनाथ हैं क्या?”

वर्षाराणीनं फोन कानाशी घट्ट दाबला. “कौन बोलरे तुम?”

“मैं यादम्मा. निझामाबाद की तरफ से. अजिनाथ भाऊ को देते क्या जरा? तीन दिन से लगारई मैं. वो उठातेच नहीं.”

‘भाऊ’ ऐकल्यावर वर्षाराणीचा जीव जरा खाली आला. पण पुढच्या वाक्यानं तो परत वर गेला.

“मेरे आदमी उनके साथ थे. टाकी में. नरसिंमलू. बॉडी आई हमारे पास. बात किसी ने नहीं बताई. कंपनी वाले बोलते, हादसा हुआ. बस. वो आखिर में क्या बोले, इतनाच पूछना है मेरे को.”

वर्षाराणी फोन घेऊन तशीच चपला न घालता हौदाकडं निघाली. त्याच वेळी रस्त्यावर पांढरी गाडी येऊन थांबली. अर्जुनराव उतरले, आणि त्यांच्याबरोबर कॅमेरा घेतलेला एक चॅनेलवाला. “वहिनी, अजिनाथला बोलवा. मुलाखत हाय. जिल्ह्याचं चॅनेल हाय,” अर्जुनराव म्हणाले.

“त्यांना काम हाय,” ती म्हणाली आणि चालत राहिली.

अजिनाथनं तिच्या हातातला फोन बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. “कट कर,” तो हळूच म्हणाला.

“कावून?”

“नरसिंमलूच्या घरचा नंबर हाय तो. ती पन विचारंल, काय बघितलं म्हनून. काय सांगू तिला? अंधार व्हता, वर्षा. तिच्या नवऱ्याचं तोंड पन मला दिसलं न्हाई.”

“ती ते विचारतच न्हाई,” वर्षाराणी म्हणाली. “तो काय बोलला, ते विचारायलीय. ऐकलं ना तुमी? कान व्हते ना?”

अजिनाथनं बैलाला हौदापासून मागं ओढलं. आल्यापासून त्याला कुणीच हे विचारलं नव्हतं. तिनंही नाही. मग त्यानं बैलाचा कासरा तिच्या हातात दिला, ओले हात सदऱ्याला पुसले आणि फोन घेतला.

हौदाच्या कडेवर बसून तो बोलायला लागला. आधी अडखळत, मग सरळ. त्याचं ते बीडकडचं मोडकं हिंदी, आणि स्पीकरवरून यादम्माचा हुंकार. वर्षाराणी कासरा धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

जहाजाच्या तळाशी, पाण्याच्याही खाली, ती टाकी. माणूस कसाबसा शिरेल एवढं एकच भोक. आत चौघं, अजिनाथ, नरसिंमलू आणि दोन नेपाळी. वरनं वायरीवर सोडलेला एक दिवा. पहिला दणका बसला तेव्हा त्यांना वाटलं, क्रेनवाल्यानं काहीतरी पाडलं. नरसिंमलूनं त्याला मोठ्यानं शिवी दिली. दुसऱ्या दणक्याला दिवा गेला. मग जहाज एका अंगावर झोपायला लागलं. खालची जमीन भिंत झाली. सगळे घसरत गेले आणि नरसिंमलू एका लोखंडी कडेवर कमरेनं आपटला. भोकाच्या बाजूनं पाणी आत आलं, गुडघ्यापर्यंत चढलं आणि थांबलं. हातोडे गळ्यात अडकवलेले होते म्हणून राहिले. ते पत्र्यावर हाणायला सुरुवात केली, पाळीपाळीनं, तळव्याची कातडी निघेपर्यंत.

“आवाज सुनके कोई आते, बोलके,” अजिनाथ सांगत होता. “बाजू से भी आवाज आता था. दुसरी टाकी में, कमरे में लोग थे. वो भी ठोकते थे. हम ठोके, तो वो ठोकते. ऐसा लगता था, सब हैं. फिर एक बाजू का बंद हो गया. फिर दुसरी बाजू का.”

वर्षाराणीच्या हातातला कासरा बैलानं ओढला, तसा तिनं तो दोन्ही हातांनी धरला. पत्र्यावरच्या त्या घणाचा आवाज ऐकून तो ओढ्याकडं का जायचा, हे तिला आता कुणी सांगायला नको होतं.

“उनको तकलीफ हुई क्या?” यादम्मानं विचारलं.

वर्षाराणीला वाटलं, आता हा खोटं बोलणार. पण तो खोटं बोलला नाही. “हुई. कमर में लगा था. बाद में बोले, पाँव का पता नहीं लगरा. फिर दर्द कम हुआ.”

“रोये?”

“नहीं. गालियाँ देरे थे.”

“किसकू?”

“मिस्तरी कू. घर का दरवाजा गलत बाजू बिठाया बोलके. धूप सीधी चूल्हे पे आती, औरत का मुँह जलता, इतना भी नहीं समझता क्या उसकू, बोलके. वोईच चलरा था. मैं ठोकता था और वो मिस्तरी कू गालियाँ देते थे. घर जाके पहले उसकू पकडता, बोले.”

पलीकडं यादम्मा हसली. हसता हसताच रडायला लागली. “वो दरवाजा मिस्तरी नहीं बिठाया, भाऊ,” ती म्हणाली. “मैंच बोली थी उधर बिठाने. रस्ता दिखता बोलके. डर के मारे उनकू बताई नहीं.”

अजिनाथही हसला. परत आल्यापासून पहिल्यांदाच. आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. “फिर उनकी बारी आई हातोडे की,” तो म्हणाला. “मैं हाक मारा. बोले नहीं. मैंच मारा फिर उनकी बारी.”

एवढ्यात मागून अर्जुनरावांचा आवाज आला. “अजिनाथ, चला लवकर, ह्या चॅनेलवाल्यांना पुढं अंबाजोगाईला जायचंय!” चॅनेलवाला कॅमेरा खांद्यावर घेऊन हौदाच्या दिशेनं येत होता.

वर्षाराणी बैलासकट वाटेत आडवी झाली.

“तिकडं जायचं न्हाई.”

“अहो वहिनी, दोन मिनिटं...”

“दोन मिनिटं न्हाई आन एक न्हाई. त्यांचं बोलनं चाललंय. महिनाभर मी तुमची वरात सांभाळली. कुनाला बिनसाखरेचा, कुनाला आल्याचा, कुनाला बशीतच. आज चहा न्हाई, पानी न्हाई आन मुलाखत न्हाई. बैल मारकं हाय, सांगून ठेवते.”

बैल मारका नव्हता. पण त्यानं अगदी वेळेवर मान हलवली आणि चॅनेलवाला दोन पावलं मागं सरला. अर्जुनराव काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मधे आलेले धोंडीराम म्हणाले, “चला अर्जुनराव. माझीच घ्या मुलाखत.” त्यांचा आवाज बसलेला होता. ते कधीपासून गोठ्याच्या आडोशाला उभे होते, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ती मुलाखत चॅनेलवर लागली. हनुमाननं ती सगळ्यांना पाठवली. धोंडीराम फेटा बांधून बसले होते आणि सात जणांना खांद्यावरून काठाला आणल्याचं सांगत होते. बघून वर्षाराणी इतकी चिडली, की ती सरळ सासऱ्यांपुढं जाऊन उभी राहिली. एरवी ती त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलायची नाही.

“मामा, तुमी त्या दिवशी सगळं ऐकलं. तरी परत तेच?”

धोंडीराम जोड्याची धूळ झटकत राहिले. “लोकांना टाकी कळत न्हाई, पोरी,” ते म्हणाले. मग जोडा खाली ठेवून म्हणाले, “आन मला ते अंधारातलं सांगवत न्हाई. माझं लेकरू तिथं बसून हातोडा हानतंय, आन पलीकडचे आवाज बंद व्हायलेत... ते म्या तोंडानं कसं सांगू? त्यापरीस ते पोहतंय, हे बरं.”

ती चिडायला आली होती आणि चिडताही येईना, याचा तिला वेगळाच त्रास झाला. तिनं त्यांना चहा करून दिला. दुधाचा.

पुढं दिवाळी झाली, गाळप सुरू झालं. वस्तीवरची निम्मी माणसं कोयते बांधून ऊसतोडीला गेली आणि ओसरी रिकामी पडली. अजिनाथ निझामाबादकडं जाऊन आला. वर्षाराणीही बरोबर गेली होती. कारखान्यानं त्याला परत घेतलं, पण त्यानं सांगून टाकलं, टाकीत उतरणार नाही. त्याला वजनकाट्यावर बसवलं. उघड्या मैदानात, ट्रॉल्यांच्या रांगेत. तिथं तो बरा आहे.

आता वर्षाराणीची तक्रार वेगळीच आहे. एकदा बोलायला लागलेला माणूस आता थांबत नाही. सकाळी ती चूल पेटवत असते, तिला डबा करायचा असतो, आणि हा उंबऱ्यात बसून सांगायला लागतो. टाकीत पाण्याला कसा वास होता. लहाना नेपाळी कसा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. बाहेरून गॅसकटरनं पत्रा कापायला लागले तेव्हा ठिणग्या आत पडल्या, आणि तेवढ्या उजेडातही ह्यानं डोळे मिटून घेतले. बाहेर काढल्यावर डोळ्यांवर फडकं बांधून गाडीत घातलं, म्हणून बंदरही दिसलं नाही. एखादी गोष्ट परत परत सांगतो. गॅसकटरची तर तिनं कितीदा ऐकली असेल.

“ठिणग्या पडल्या ना, वर्षा, तवा...”

“तवा तुमी डोळे मिटले. माहीत हाय मला,” ती म्हणाली आणि लसणाची गड्डी त्याच्यापुढं ठेवली. “सोलता सोलता सांगा. मला उशीर व्हायलाय.”

तो लसूण सोलायला लागला. “न्हाई, पन मिटायच्या आधी...” तो म्हणाला.

“आधी काय बघितलं?”

ती ताटातलं पीठ तसंच ठेवून त्याच्याकडं वळली.